ऊन कुठवर आलं?

आमच्या आत्याबाईंनी एका थंडीत लागोपाठ तीन घरं नापसंत केली. आमच्याकडे सासूला आत्याबाई म्हणतात. तिन्ही वेळा त्यांचं कारण एकच होतं, घरात उजेड नाही. चौथ्या घरात ऊन इतकं होतं की मला डोळे बारीक करून बघावं लागत होतं, आणि तिथेही त्या म्हणाल्या, "अंधार हाय."

त्यांचा डावा डोळा जात होता. पाच महिने ही गोष्ट त्या एकट्यांना माहीत होती. त्यांच्या मुलाला माहीत नव्हती, नातीला, माझ्या शिवांजलीला, नव्हती, आणि दिवसभर त्यांच्याच भोवती वावरणाऱ्या मला तर मुळीच नव्हती. पुढे त्यांनीच सगळं सांगितलं, म्हणून मला आज हे ओळीने लिहिता येतंय. मी कुठे कुठे मूर्खासारखी वागले तेही लिहिणार आहे, कारण ते गाळलं तर बाकीच्याला काही अर्थ राहत नाही.

आत्याबाईंचं नाव शांतादेवी. वय अडुसष्ट. माहेर धर्मापुरी, सतराव्या वर्षी लग्न होऊन अंबाजोगाईला आल्या त्या इथल्याच झाल्या. सासरे वैजिनाथअप्पा बसस्टँडजवळ पूजासाहित्याचं दुकान चालवायचे. अकरा वर्षांपूर्वी ते गेले, आता तेच दुकान माझे यजमान विश्वेश्वर चालवतात. दुकानातला सगळा माल बाहेरून येतो, फक्त वाती घरच्या. त्या आत्याबाई वळतात. कापसाचा पेळू हातात घेतात, बोटाला चिमूटभर विभूती लावतात आणि मांडीवर वात फिरवतात. टीव्ही बघताना, शेजारणीशी बोलताना, माझ्या स्वयंपाकाला नावं ठेवतानाही बोटं चालूच. वातीकडे बघण्याची त्यांना गेल्या चाळीस वर्षांत गरज पडलेली नाही. त्यामुळे डोळ्यांचं काही बिनसलंय हे त्या कामावरून कुणाला कळणं शक्यच नव्हतं.

कळलं ते त्यांना पूजेत. आम्ही लिंगायत. आमचा देव देव्हाऱ्यात कमी आणि गळ्यात जास्त. चांदीच्या डबीतलं इष्टलिंग रोज सकाळी अंघोळ झाल्यावर डाव्या तळहातावर घ्यायचं, विभूती लावायची, बेलाचं पान वाहायचं आणि त्याच्याकडे एकटक बघत बसायचं. लिंग काळं, गुळगुळीत. समोरून उजेड आला की त्यावर मोहरीएवढा एक ठिपका चमकतो. त्या ठिपक्यावर नजर धरायची. माझी पूजा दोन मिनिटांत उरकते, कारण गॅसवर दूध असतं. आत्याबाई अर्धा अर्धा तास बसतात.

श्रावणात एका सकाळी त्यांच्या उजव्या डोळ्यात कचरा गेला, म्हणून त्यांनी तो मिटला. हातावरचा ठिपका गेला. डोळा उघडला, ठिपका आला. पुन्हा मिटला, पुन्हा गेला. डाव्या डोळ्याला लिंग धुरात ठेवल्यासारखं दिसत होतं, आणि ठिपका कुठेच नव्हता. त्या तशाच बसून राहिल्या. मी चहाला हाक मारली तेव्हा "आले" म्हणाल्या आणि आल्याही. चहा नेहमीसारखा अर्धा कप घेतला.

त्यांच्या आईचे, भिवराबाईंचे, डोळे असेच गेले होते. आधी एक, मग दुसरा. त्यानंतर ती बाई नऊ वर्षं जगली. ती नऊ वर्षं आत्याबाईंनी माहेरी जाता-येता पाहिली होती. म्हणून त्या सकाळपासून त्यांना भीतीने घेरलं. रोज पूजेला बसलं की आधी उजवा डोळा हाताने झाकायचा आणि बघायचं. रोज ठिपका नाहीच. तरी एक आशा त्यांनी धरून ठेवली होती. आमचं भाड्याचं घर गल्लीत आत होतं, दोन खोल्या, एक खिडकी, आणि त्या खिडकीसमोर चार हातांवर दुसऱ्याची भिंत. त्या स्वतःची समजूत घालायच्या की घरच काळोखं आहे, डोळा चांगला आहे. चांगल्या उजेडाच्या घरात गेलं की ठिपका दिसेल.

नेमकी त्याच दिवाळीला घरमालकाने जागा मागितली. संक्रांतीपर्यंत सोडा म्हणाला. यजमानांनी ठरवलं, आता भाड्याचं नको, स्वतःचं घर घेऊ. मला आनंद झाला. आत्याबाईंनी एकच अट घातली. घर सकाळी बघायचं, आणि त्या दिवशीची पूजा त्या तिथेच करणार.

आम्हाला वाटलं, केवढी ही भक्ती. यजमान तर दुकानात येणाऱ्या गिऱ्हाइकालाही सांगायला लागले, "आई देवाला विचारून घर घेणार हाय." घरं दाखवणाऱ्या मुजाहिदलाही कौतुक वाटलं. मुजाहिद पूर्वी मोटारसायकली दुरुस्त करायचा. आता त्याच्या हाताला ग्रीस नसतं, पण बोलण्याआधी पँटीला हात पुसायची सवय गेलेली नाही.

पहिलं घर बसस्टँडमागच्या नव्या वस्तीत. आम्ही पोचायच्या आधीच मुजाहिदने घरातल्या सगळ्या ट्यूब लावून ठेवल्या होत्या. घर लख्ख दिसत होतं. यजमानांनी दार पूर्वेला आहे एवढं पाहिलं आणि त्यांचं समाधान झालं. मी टीव्हीची भिंत शोधत होते. आत्याबाई उंबऱ्यातच थांबल्या.

"मुजाहिद, आधी लाइटी बंद कर."

"कावून अम्मा?"

"दिवसा घर बघायला आलोत ना. मग दिवसाचा उजेड बघू दे."

त्याने बटणं दाबली आणि अर्धं घर विझलं. स्वयंपाकघरात ओट्यापाशी उभं राहिलं तर समोरची फरशी दिसेना. मागच्या खोलीला खिडकीच नव्हती, छताजवळ जाळीची एक पट्टी होती. सकाळचे नऊ वाजलेत असं तिथे वाटत नव्हतं. माणसं घर विकत घेतात ती ट्यूबच्या उजेडात, आणि मग जन्मभर बिल भरतात, असं आत्याबाई म्हणाल्या. मुजाहिदने पँटीला हात पुसले.

त्या पुढच्या खोलीत दाराच्या उजेडात बसल्या आणि त्यांनी डबी उघडली. तेवढ्यात मी यजमानांना मागच्या खोलीपाशी नेलं. मला ते घर आवडलं होतं. मी खोल्याही वाटून टाकल्या. "पुढची खोली शिवांजलीला देऊ. बारावीचं वर्ष हाय तिचं. ही मागची आत्याबाईंना. त्यांना काय, बसल्या जागी वाती तर वळायच्या. उजेड काय करायचाय त्यांना?"

मी हसत बोलले होते. वाईट मनाने बोलले नव्हते, पण आवाज नेहमीसारखा मोठा होता. मागे वळून पाहिलं तर आत्याबाई डबी बंद करत होत्या. झाकण बसेना. मला वाटलं, थंडीने बोटं आखडलीत.

"न्हाई," त्या म्हणाल्या. "अंधार हाय."

दुसऱ्या घराला खिडक्या भरपूर. तिथे तर मीच मुजाहिदला ट्यूब लावू दिल्या नाहीत. आत्याबाई पूजा करून उठल्या आणि दक्षिणेच्या मोठ्या खिडकीपाशी गेल्या. थंडीत सूर्य दक्षिणेकडून कलून जातो, तेव्हा घरात ऊन येतं ते ह्याच बाजूने, हे त्यांना पक्कं ठाऊक होतं.

"ही खिडकी कुणाच्या जागेवर उघडती?"

"बाजूच्या प्लॉटवर, अम्मा. रिकामाच हाय."

"त्यानं बांधलं मंग?"

"तवा बघू की."

"तवा काय बघणार? भिंत?"

त्यांचं बरोबर होतं. आमच्या गावात दोन घरांमध्ये हातभर जागा सोडणं सगळ्यांच्याच जिवावर येतं. जो तो हद्दीपर्यंत बांधतो. शेजाऱ्याच्या रिकाम्या जागेतून येणारा उजेड आपला नसतो, हे मला त्या दिवशी पहिल्यांदा समजलं. आणि त्यांचं बरोबर असल्यामुळेच मला जास्त राग आला.

तिसरं घर चांगलं होतं. मी आजही म्हणेन की चांगलं होतं. पलीकडे एका क्लासची तीन मजली इमारत होती, तिची सावली दुपारनंतर पडली असती, पण सकाळी उजेड स्वच्छ होता. आत्याबाई तिथे पाऊण तास बसल्या. घरमालकीणबाई कौतुकाने बघत होत्या, त्यांनी बसायला सतरंजीसुद्धा दिली. शेवटी आत्याबाई उठल्या आणि म्हणाल्या, "न्हाई. उजेड न्हाई."

घरी आल्यावर माझा तोल गेला. संक्रांत बारा दिवसांवर आली होती, सामानाची खोकी बांधून पडली होती आणि ही बाई बसून ठिपके बघत होती. मी म्हणाले, "तुमाला घरच नकोय. अन् ही पूजा बी नाटक हाय. पोराचा जीव टांगणीला लावलाय तुमी."

त्यांनी पेळू उचलला आणि वाती वळायला बसल्या. मी दुपारपर्यंत भांडी आपटत होते. तेव्हा त्यांच्या मनात काय चाललं होतं ते त्यांनी मला पुढे सांगितलं. त्या मनात घरं मोजत होत्या. पहिल्या घरात दिसलं नाही, ते काळोखं होतं. दुसऱ्यात दिसलं नाही, आभाळ भरलं असेल. तिसऱ्यात ऊन होतं आणि तरी दिसलं नाही. आता एखादं घर असं निघालं की ज्याच्या उजेडाला नावच ठेवता येणार नाही, तर मग काय म्हणायचं? चौथं घर मिळूच नये, असं त्यांनी देवाजवळ मागितलं होतं.

चौथं घर मिळालं.

ते परळीच्या रस्त्याला, गाव संपता संपता. पूर्वेला खाली जाणारा डोंगराचा उतार, तिथे कुणी घर बांधूच शकत नाही. यजमान दुकानात होते, म्हणून आम्ही दोघी आणि मुजाहिद असे तिघेच गेलो. साडेआठची वेळ. दार उघडलं आणि ऊन थेट आतल्या भिंतीपर्यंत पसरलेलं. पूर्वेच्या खोलीत तर उभंच राहवेना, इतकं डोळ्यांवर येत होतं. जमिनीवरच्या सिमेंटचे डाग, कोपऱ्यातली कोळ्याची जाळी, माझ्या चपलेची धूळ, सगळं दिसत होतं.

"अम्मा, ह्या घरात दिवसा लाइट लावली तर माझं नाव बदला," मुजाहिद म्हणाला.

आत्याबाई त्या उन्हात बसल्या. सावकाश. हात आधी जमिनीला टेकवला, मग बसल्या. मी दारात उभी राहिले. ह्याआधी मी कधी त्यांची पूजा नीट पाहिली नव्हती, मला नेहमी दुसरी कामं असायची. त्यांनी लिंग तळहातावर घेतलं, बेल वाहिला, आणि उजव्या हाताने उजवा डोळा झाकला. पूजेत असं कुणी करत नाही. मी बघत राहिले. त्यांनी तळहात जवळ आणला, लांब नेला, खिडकीकडे वळवला. मला दारातून तो ठिपका दिसत होता. चार पावलांवरून दिसत होता. त्या शोधत होत्या आणि त्यांच्या गालावरून पाणी वाहत होतं.

"आत्याबाई?" मी म्हणाले.

त्यांनी झटकन हात खाली घेतला. "अंधार हाय," म्हणाल्या. "लई अंधार हाय हितं."

मुजाहिद माझ्याकडे बघायला लागला. मी त्या उन्हातच उभी होते.

लिंग डबीत ठेवून त्या उठल्या आणि "गच्ची बघते" म्हणून जिन्याकडे निघाल्या. खरं तर त्यांना आम्हाला तोंड दाखवायचं नव्हतं. घराचं काम अजून चालू होतं, जिन्याला कठडा बसलेला नव्हता. उजवीकडे भिंत आणि डावीकडे मोकळं. त्या चढताना डावीकडे सरकत गेल्या. सहाव्या-सातव्या पायरीवर डावं पाऊल त्यांनी उचललं आणि ते पायरीच्या बाहेर गेलं. खाली विटांचा ढीग होता. मुजाहिद दोन पायऱ्या मागे होता. त्याने दोन्ही हातांनी त्यांचा दंड धरला आणि भिंतीकडे ओढलं. दोघेही पायरीवर बसले. डबी गळ्यात हेलकावे खात होती.

"माफ करा अम्मा, हात लावावा लागला," तो म्हणाला. त्याचा चेहरा पांढराफटक पडला होता. मग मी काही सांगायच्या आतच तो बाहेर रस्त्यावर जाऊन उभा राहिला. त्याच्या ह्या एका शहाणपणासाठी मी त्याच्या सगळ्या ट्यूब माफ केल्या.

मी आत्याबाईंच्या बाजूला, मोकळ्या बाजूला, बसले. विचारलं, "कधीपासून?"

"श्रावणापासून." मग म्हणाल्या, "विशूला सांगू नको."

"कावून न्हाई सांगायचं?"

तेव्हा त्यांनी भिवराबाईंचं सगळं सांगितलं. धर्मापुरीच्या घरी भिवराबाईंची बाज पुढच्या पडवीत असायची, जिथे सकाळी ऊन यायचं. दोन्ही डोळे गेले त्या वर्षी भावाचं लग्न झालं, घरात माणसं वाढली, पडवीतली जागा हवीशी झाली. बाज आतल्या धान्याच्या खोलीत नेली. तिथे खिडकी नव्हती. भिवराबाई रोज सकाळी आतून विचारायच्या, "ऊन कुठवर आलं गं?" पहिले काही दिवस कुणी ना कुणी उत्तर द्यायचं. मग सगळे कामात असायचे. ती मात्र नऊ वर्षं रोज विचारत राहिली.

"बाज आत न्यायचं कुणी ठरवलं?" मी विचारलं.

त्यांनी गळ्यातली डबी मुठीत धरली. "मी म्हणले होते," त्या म्हणाल्या. "माहेरी गेलते तवा. भाऊ कचरत व्हता. मीच म्हणले, आईला काय, उजेड काय अन् अंधार काय. तिला उजेड काय करायचाय?"

मला पहिल्या घराची मागची खोली आठवली. माझं वाक्य आठवलं. 'तिला' आणि 'त्यांना' सोडलं तर एकही शब्द वेगळा नव्हता. आत्याबाईंनी ते ऐकलं होतं, आणि ह्या चार आठवड्यांत मला त्याचा एका शब्दाने जाब विचारला नव्हता. मला त्या पायरीवर बसल्या बसल्या स्वतःची भीती वाटली. मी कुणाचं वाईट चिंतणारी बाई नाही. आत्याबाईही नव्हत्या.

यजमानांना मी त्याच दुपारी सांगितलं. दुसऱ्या दिवशी आम्ही मेडिकल कॉलेजच्या दवाखान्यात गेलो. तिथे एक मशीन आहे. त्यात हनुवटी टेकवून आत बघायचं, एक डोळा झाकलेला, आणि आत कुठेही उजेडाचा ठिपका चमकला की हातातलं बटण दाबायचं. आत्याबाईंनी ते ऐकलं आणि माझा हात घट्ट धरला. पाच महिने त्या जी परीक्षा स्वतःच्या हातावर घेत होत्या, तीच इथे मांडून ठेवलेली होती.

मी पडद्याबाहेर बाकावर बसले. आधी उजवा डोळा. बटणाचा आवाज येत होता, टक्, टक्, मधे थोडं थांबून पुन्हा टक्. मग डावा. एकदा टक् झालं. मग काहीच नाही. मी श्वास धरून बसले. भिंतीवरच्या घड्याळाचा काटा फिरत होता आणि आतून काहीच येत नव्हतं. ठिपके चमकत असणार आणि त्या अंधारात बटणावर अंगठा ठेवून वाट बघत असणार. मी पदर तोंडात धरला.

डॉक्टरीणबाई तरुण होत्या, त्यांनी फिरवून फिरवून सांगितलं नाही. काचबिंदू आहे. दुखत नाही, म्हणून कळत नाही. घराण्यात असतो, तेव्हा मुलाचे आणि नातीचेही डोळे तपासून घ्या. डाव्याचं जे गेलं ते परत येणार नाही. उजव्याचा वरचा थोडा भाग गेलाय, उरलेलं राखायचा प्रयत्न करू. रोज थेंब, एक दिवसही चुकवायचा नाही, आणि नजरेत थोडा जरी फरक वाटला तर त्याच दिवशी यायचं. जाताना त्या म्हणाल्या, "घरात उजेड भरपूर ठेवा. अशा डोळ्यांना कमी उजेडात फार त्रास होतो."

आम्ही ते चौथं घर घेतलं. कठडा बसवल्याशिवाय सामान आणायचं नाही असं मी मुजाहिदला सांगितलं, आणि त्याने स्वतः उभं राहून तो बसवून घेतला. पूर्वेची खोली आत्याबाईंना दिली. शिवांजलीने तोंड वाकडं केलं, पण कारण कळल्यावर तिने स्वतःच आजीचा पलंग खिडकीखाली सरकवला.

तेव्हापासून आमच्याकडे एक रीत पडली. थंडीत खिडकीच्या लाकडी झडपा रात्री लावून घ्याव्या लागतात, त्यांची कडी घट्ट आहे, ती आत्याबाईंना निघत नाही. सकाळी मी ती काढते. त्या पूजेला बसतात, डावा डोळा झाकतात, उजव्याने बघतात आणि मोठ्याने एक शब्द म्हणतात, "हाय." म्हणजे ठिपका आहे. मी तेव्हा दारात उभी असते. तो शब्द ऐकल्यावर दूध गॅसवर ठेवते. एखाद्या दिवशी शब्द यायला उशीर झाला की दूध तसंच ओट्यावर राहतं. देवाचं नाव मी कधी एवढ्या मनापासून ऐकलेलं नाही.

असं वर्ष गेलं. परवा, पौषातच, मला ताप भरला आणि उठायला उशीर झाला. यजमान दुकानात आणि शिवांजली कॉलेजला गेलेली. मी भिंत धरत आत्याबाईंच्या खोलीशी आले. अंघोळ करून त्या पलंगावर बसल्या होत्या, कपाळावर विभूती, हातावर लिंग. माझी पावलं ऐकून त्या म्हणाल्या, "हाय."

झडपा बंद होत्या.

खोलीत एवढा काळोख होता की त्यांच्या तळहातावरचं लिंगसुद्धा मला नीट दिसत नव्हतं. मी चौकट धरून उभी राहिले. एक तर खिडकी बंद आहे हेच त्यांना कळत नाही, नाहीतर त्या खोटं बोलतायत. ह्यातल्या कशाला जास्त घाबरावं ते मला ठरवता येईना.

"आत्याबाई, खिडकी बंद हाय."

"ठाऊक हाय."

"मग हाय कावून म्हणालात?"

त्यांनी लिंगावरचं बेलाचं पान सरळ केलं. "तू रोज तिथं दारात श्वास धरून उभी ऱ्हातीस. मला ऐकू येतं गं. तुला न्हाई म्हणायला जीभ उचलत न्हाई माझी."

मी पुढे जाऊन कडी ओढली. ती निघेना, मग दोन्ही हातांनी ओढली. झडपा उघडल्या, ऊन आत आलं. "आता बघा," मी म्हणाले. "अन् खरं सांगा."

त्यांनी डावा डोळा झाकला. बघत राहिल्या. मी ह्या वेळी दारात गेले नाही, त्यांच्या पलंगाच्या कडेलाच बसले.

"वरनं कापल्यावानी दिसतो," त्या म्हणाल्या. "आठ दिवस झाले."

मी यजमानांना फोन लावला. दुकान बंद करा आणि रिक्षा घेऊन या, एवढंच सांगितलं. ते काय विचारत होते ते मला ऐकू आलं नाही. आत्याबाई शांतपणे लिंग डबीत ठेवत होत्या. आज झाकण पहिल्या झटक्यात बसलं.

"कावेरी," त्या म्हणाल्या, "ह्यो बी गेला तर ही खोली पोरीला दे. तिचा अभ्यास असतो. मला उजेड काय करायचाय मंग?"

त्यांनी हे वाक्य तयार ठेवलं होतं, हे मला ऐकताक्षणी कळलं. वर्षभर त्या ते मनात घेऊन ह्या उन्हात बसत होत्या. कुणी आपल्याला उचलायच्या आत आपणच उठून जायचं, असं त्यांनी ठरवलेलं होतं.

"तुमचा पलंग हितनं हलणार न्हाई," मी म्हणाले.

त्यांनी मान हलवली. त्यांना ते खरं वाटलं नव्हतं. वाटणार कसं, त्यांनी स्वतः आईची बाज हलवली होती आणि तशा त्या वाईट मुलगी नव्हत्या. मी शपथ घातली असती तरी उपयोग झाला नसता. त्यांचा हात माझ्या हातात होता. रिक्षा यायला अजून वेळ होता. मी खिडकीकडे पाहिलं, मग खाली फरशीकडे.

"ऊन पलंगाच्या पायापाशी आलंय, आत्याबाई," मी म्हणाले. "आता गोधडीवर चढतंय."

त्या वळून माझ्याकडे बघायला लागल्या. त्यांनी काही विचारलेलं नव्हतं.

"अर्ध्या गोधडीवर आलं," मी म्हणाले. "आता तुमच्या पावलांच्या जवळ."

मग त्यांनी पाय जरा पुढे सरकवले.